बाळाचा एक हात हलत नाही: जन्मताना ताणलेल्या नसा, उपचाराचे तीन महिने आणि कायद्याची दोन वर्षे

जन्मताना बाळाच्या मानेतल्या नसा ताणल्या गेल्या की घरच्यांसमोर दोन मुदती एकदम सुरू होतात. एक हाताची. ती साधारण तिसऱ्या महिन्यात पहिला मोठा निर्णय मागते. दुसरी कायद्याची, ती दोन वर्षांनी संपते. गोंधळ होतो तो या दोन्ही उलट्या धरल्यामुळे. पहिले तीन महिने दवाखान्याशी भांडण्यात जातात आणि मग 'हात सुधारतोय, बघू पुढे' म्हणता म्हणता दोन वर्षे कधी सरली ते कळत नाही. खरे तर आधी हात बघायचा, कागद मात्र पहिल्याच आठवड्यात मागून ठेवायचे आणि तक्रारीचा विचार सावकाश, पण मुदतीच्या आत करायचा.

इजा कुठे होते

मानेच्या मणक्यांतून पाच नसा निघतात, काखेकडे जाताना एकमेकींत गुंफतात आणि पुढे खांद्यापासून बोटांपर्यंत पसरतात. या गुंफणीला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. बाळाचे डोके बाहेर आले, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकला, अशा वेळी डोके आणि खांदा यांच्यातले अंतर ताणले जाते आणि त्याबरोबर या नसाही. हजार जन्मांमागे साधारण एकदोन बाळांना ही इजा होते. मोठे बाळ, आईचा मधुमेह, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून केलेले बाळंतपण यांत धोका वाढतो. तरी सर्वसाधारण वजनाच्या बाळाला, अगदी सिझेरियनमध्येही ती झाल्याच्या नोंदी आहेत. ही गोष्ट पुढे दाव्यात फार महत्त्वाची ठरते.

वरच्या दोन नसा (मणक्यांच्या क्रमांकाने पाचवी आणि सहावी) दुखावल्या तर हात अंगालगत सरळ लोंबतो. कोपर वाकत नाही, तळवा मागे वळलेला असतो, पण बोटे मुठीत पकडतात. याला अर्ब्स पाल्सी म्हणतात आणि बहुतेक बाळांत हाच प्रकार असतो. पाचही नसा गेल्या तर हात पूर्ण लुळा पडतो, मूठही वळत नाही. त्यातच त्या बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली लहान दिसली, तर सर्वांत खालची नस मज्जारज्जूपाशीच उपटली गेल्याचा दाट संशय घ्यावा. या बाळांना तज्ज्ञाकडे न्यायला महिनाभर थांबू नये.

नस नुसती ताणली असेल तर ती आठवड्यांत शुद्धीवर येते. आतले तंतू तुटले पण आवरण शाबूत असेल तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, म्हणून सुधारणेला महिने लागतात. नस मधेच तुटली तर शस्त्रक्रियेने जोडता येते. मुळासकट उपटली तर त्या जागी परत चिकटवता येत नाही, दुसरीकडची नस वळवून आणावी लागते. जन्मल्या दिवशी या चारांपैकी काय झाले आहे हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'दोन महिन्यांत ठणठणीत होईल' असे पहिल्याच दिवशी सांगणारा आणि 'हात कायमचा गेला' असे सांगणारा, दोघेही अंदाजच करत असतात.

चेहऱ्याची नस दबण्याचा प्रकार वेगळा. रडताना तोंड एका बाजूला ओढले जाते आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही. चिमट्याच्या दाबाने किंवा आईच्या हाडाच्या दाबाने हे होते आणि बहुतेक बाळांत काही आठवड्यांत भरून येते. तोवर उघड्या राहणाऱ्या डोळ्यात डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि मलम नेमाने घालायचे, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. डोळा नीट मिटतो, कपाळावर आठी पडते आणि फक्त खालचा ओठ वाकडा होतो, तेव्हा तो बहुधा ओठाचा एक स्नायू जन्मतःच नसण्याचा प्रकार असतो. ती प्रसूतीतली इजा नव्हे.

पहिले दहा दिवस

हात हलत नसला तर एवढ्या तपासण्या घरी जाण्यापूर्वी करून घ्या. कॉलरबोन आणि दंडाचे हाड मोडले आहे का यासाठी एक्स-रे. हाड मोडल्यावरही बाळ दुखण्यामुळे हात हलवत नाही आणि दोन्ही इजा एकत्रही असतात. श्वास जलद चालत असेल तर छातीचा एक्स-रे, कारण श्वासपटलाची नस मानेतूनच जाते आणि तीही ताणली गेली असू शकते. शिवाय दोन्ही पाय, दुसरा हात, डोळे आणि मुठीची पकड यांची नोंद बाळाच्या केस पेपरवर तारखेसह करून घ्या. तोंडी 'जरा अशक्तपणा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

एक धोक्याची खूण. जन्मल्यावर हात नीट हलत होता आणि आठदहा दिवसांनी थांबला, तर तो जन्मावेळचा नसेचा ताण नसतो. खांद्याच्या सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठायचे. यात तासांचा हिशेब असतो.

साधारण पहिला आठवडा ते दहा दिवस दुखावलेला भाग शांत ठेवतात. हात कोपरात दुमडून पोटावर, अंगड्याच्या आत किंवा मऊ फडक्याने सैलसा धरून. हाड मोडले असेल तर हा काळ दोन ते तीन आठवडे. हात वर उचलून उशीला पिन लावून ठेवण्याची एक जुनी पद्धत होती. त्याने खांदा भलत्याच स्थितीत आखडतो, म्हणून ती सोडून दिली गेली आहे. घरातली एखादी जाणती बाई सुचवेल, तर नम्रपणे नको म्हणा.

कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. उचलताना एक तळवा मानेखाली आणि एक कुल्ल्यांखाली, काखेत हात घालून उचलायचे नाही. कुशीवर निजवताना तो हात अंगाखाली चेपू नये.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो न्हाऊ-माखू घालण्यात. मालिशवाल्या बाई बाळाचे दोन्ही हात धरून छातीवर उलटसुलट आडवे ओढतात, एका हाताला धरून बाळ उचलतात, कुठे कुठे पाय धरून उलटे करतात. नस ताणलेल्या बाळाला यातले काहीही करू देऊ नका. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. शेक-शेगडीपासून मात्र तो हात लांब ठेवा. त्या हाताला चटका कळत नाही, बाळ रडत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. दात आल्यावर हीच मुले स्वतःची बोटे चावून जखमा करतात, तेव्हा बोटे रोज बघायची.

व्यायाम

व्यायामाने तुटलेली नस जुळत नाही. नस परत येईपर्यंत सांधे मोकळे ठेवणे हे व्यायामाचे काम. ते झाले नाही तर नस वर्षभराने आली तरी खांदा तोवर आखडलेला असतो आणि हात वापरता येत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या आणि घरच्या दोन माणसांना शिकवा. दर लंगोट बदलताना, म्हणजे दिवसातून चारपाच वेळा, प्रत्येक प्रकार दहा वेळा, शेवटच्या टोकाला पाच ते दहा सेकंद धरून. ओढायचे नाही, अडले तिथे थांबायचे.

सर्वांत महत्त्वाचा व्यायाम असा. बाळ उताणे, कोपर बरगड्यांना टेकलेले आणि काटकोनात वाकलेले. एका हाताने खांद्याचे पाते अंथरुणाशी दाबून धरायचे, दुसऱ्याने बाळाचा पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. अर्ब्स पाल्सीत खांदा आत वळून आखडतो. पुढे ज्या मुलांना खांद्याची शस्त्रक्रिया लागते, त्यांत बहुतेक वेळा हेच कारण असते. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे कोपर अंगापासून सुटते आणि व्यायाम होतोय असे फक्त वाटते. दुसरा व्यायाम, पाते धरून हात कानापर्यंत वर नेणे. तिसरा, कोपर वाकवून तळवा वर वळवणे, प्रसाद घेताना धरतो तसा. मग कोपर सरळ करणे, मनगट आणि बोटे उघडणे.

व्हिटॅमिनच्या थेंबांनी तुटलेली नस जुळत नाही. विजेचे झटके देणाऱ्या मशिनवर महिनोन्‌महिने पैसे घालवण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.

तिसरा महिना

पहिल्या महिन्यातच या विषयात काम करणाऱ्या सर्जनची वेळ घ्या. हा हाताचा किंवा प्लास्टिक सर्जन असतो, काही ठिकाणी लहान मुलांचा अस्थितज्ज्ञ. तालुक्याच्या डॉक्टरांनी वर्षात एखादेच असे बाळ पाहिलेले असते. मुंबईतली मोठी महापालिका रुग्णालये, परळचे वाडिया बालरुग्णालय, पुनर्वसनासाठी हाजी अली येथील केंद्र सरकारची संस्था, गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी चौकशीला सुरुवात करता येते. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणारे शीघ्र निदान केंद्र असेल तर तिथे फिजिओथेरपी मोफत मिळते.

सर्जन मुख्यतः एकच गोष्ट बघतो: दंडाचा स्नायू कोपर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकवतो का, म्हणजे बाळ हात तोंडाकडे नेते का. दोन महिन्यांच्या आत हे जमले तर हात जवळजवळ पूर्ण सुधारण्याची आशा चांगली. तीन महिने संपले तरी कोपर वाकत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. हात पूर्ण लुळा आणि पापणी उतरलेली असेल तर तीन महिन्यांच्या सुमारासच शस्त्रक्रिया सुचवतात. काही ठिकाणी सीमारेषेवरच्या बाळांची नवव्या महिन्यात बिस्किटाची परीक्षा घेतात. दंड अंगालगत धरायचा, हातात बिस्किट द्यायचे आणि मान फारशी न वाकवता ते तोंडात जाते का बघायचे. शस्त्रक्रियेत बहुधा पोटरीतली एक संवेदनेची नस काढून तुटलेल्या जागी जोड म्हणून घालतात. वर्ष उलटल्यावर या शस्त्रक्रियेचा उपयोग झपाट्याने घटतो, कारण नस पोचेपर्यंत स्नायू सुकलेले असतात. मग उरतात स्नायू वळवण्याच्या आणि खांदा सोडवण्याच्या शस्त्रक्रिया. त्यांनी फायदा होतो, पण पहिली संधी गेलेली असते.

याच काळात व्हिडिओ काढायचे. दर पंधरवड्याला, बाळ उघडे, दोन्ही हात चौकटीत, आधी उताणे आणि मग आधाराने बसवून, एक मिनिट, तोंडाने तारीख बोलून. सर्जनला त्यातून दिशा कळते आणि पुढे तक्रार केलीत तर ग्राहक आयोगापुढे तोच पुरावा होतो. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दबते आणि तिच्यातली तारखेची माहिती जाते. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा कोणत्या फोनवर काढले तेही लिहून ठेवा.

कागद

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली रुग्णाला त्याच्या केस पेपरच्या प्रती मिळाल्याच पाहिजेत असे म्हटले आहे. अर्ज साधा, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, शिवाय ईमेलने. अर्जात 'सर्व कागद' एवढेच लिहिले तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. त्यामुळे नावे लिहून मागा:

आईचे आणि बाळाचे, दोघांचेही स्वतंत्र इनडोअर केस पेपर; पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता); बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी; प्रसूतीची नोंद आणि लेबर रूम रजिस्टरमधील संबंधित ओळ; परिचारिकांच्या नोंदी; सर्व संमतिपत्रे; बाळाचे वजन, अपगार गुण (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले) आणि पहिली तपासणी; एक्स-रे; रेफर केल्याची चिठ्ठी; बिले आणि पावत्या.

सीटीजीची पट्टी उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाची असते, वर्षभरात फिकी पडते. ती मिळाल्याच्या दिवशीच झेरॉक्स करा. पानांवर क्रमांक आणि 'खरी प्रत' शिक्का घ्या. गरोदरपणाचे माता-बाल संरक्षण कार्ड, साखरेची तपासणी आणि शेवटची सोनोग्राफी घरच्या फायलीत असतात, ती माहेरी राहिली असतील तर आजच आणवा. सरकारी रुग्णालयाकडून माहिती अधिकारातही मागता येते, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत.

बिल माफ करतो, या कागदावर सही करा, असा प्रस्ताव आला तर कागद घरी नेऊन वाचा. 'यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' ही ओळ त्यात हमखास असते. बाळाच्या हाताचे काय होणार हे कोणालाच माहीत नसताना ती सही करणे म्हणजे फार स्वस्तात सुटका देणे.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचे

इजा झाली म्हणजे चूक झाली, असे कायदा मानत नाही. पोटात टॉवेल राहिला तर चूक स्वतःच बोलते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली असे झाले होते आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले. नसेच्या इजेचे तसे नाही. आईच्या कळांच्या जोरानेही ती होऊ शकते, हा बचाव येणारच आणि तो अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या अहवालाच्या आधारे येईल. तुम्हाला दाखवायचे असते ते हे, की या प्रसूतीत एखाद्या साधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते केले गेले नाही, आणि त्यातूनच इजा झाली.

ते चार ठिकाणी शोधायचे. गरोदरपणात: ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन साखर तपासली का? राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते, दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आधीच्या बाळंतपणात खांदा अडकला होता, हे सांगूनही नोंदले नाही का? मात्र सोनोग्राफीतला वजनाचा अंदाज दहापंधरा टक्क्यांनी सहज चुकतो, त्यामुळे 'बाळ मोठे होते, सिझेरियन का नाही केले' एवढ्यावर दावा उभा राहत नाही. कळा चालू असताना: दुसरा टप्पा (गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडल्यापासून जन्मापर्यंतचा) किती लांबला, व्हॅक्यूम किती वेळा लावला, सुटला का, आणि वरिष्ठांना कधी बोलावले?

तिसरे ठिकाण म्हणजे खांदा अडकला ती मिनिटे. इथेच बहुतेक दाव्यांचा निकाल लागतो. डोके कधी आले आणि शरीर कधी, दोन्ही वेळा लिहिलेल्या आहेत का? आईच्या मांड्या पोटाकडे दुमडणे, ओटीपोटाच्या हाडावरून खांद्यावर दाब देणे, आत हात घालून खांदा फिरवणे, मागचा हात आधी काढणे, या क्रिया केल्या का आणि कोणत्या क्रमाने? पोटाच्या वरच्या टोकाला दाब देणे या प्रसंगी चुकीचेच, कारण खांदा आणखी घट्ट अडकतो. नातेवाईक 'दोघीतिघी पोटावर जोर देत होत्या' असे सांगतात तेव्हा नेमका कुठला दाब, हे विचारून त्याच आठवड्यात लिहून ठेवा. कोणता खांदा पुढे, म्हणजे आईच्या ओटीपोटाच्या बाजूला होता, हेही बघा. इजा पुढच्या खांद्याच्या बाजूला असेल तर डोके ओढल्याचा मुद्दा बळकट होतो. मागच्या बाजूला असेल तर बचाव पक्षाचे पारडे जड. प्रसूती-नोंदीत 'नॉर्मल डिलिव्हरी' एवढेच असेल आणि बाळाच्या कागदावर लुळा हात व मोडलेली कॉलरबोन असेल, तर हे न जुळणेच तुमचा सर्वांत मजबूत कागद.

चौथे, नंतरचे: पालकांना सांगितले नाही, एक्स-रे केला नाही, तज्ज्ञाकडे पाठवले नाही, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ गेली. हा स्वतंत्र दोष आहे आणि तो सिद्ध करणे तुलनेने सोपे असते.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. नसेच्या इजेत मात्र त्याशिवाय जाऊ नका. दुसऱ्या शहरातल्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या प्रसूतितज्ज्ञाला सगळे कागद द्या आणि वरचेच प्रश्न लेखी विचारा. त्याने 'यात चूक दिसत नाही' म्हटले, तर ते ऐकून घेण्यात शहाणपण आहे. वाईट दाव्यात पाच वर्षे आणि घरातली शांतता जाते.

कुठे जायचे

पैसे घेणाऱ्या रुग्णालयासाठी ग्राहक आयोग हीच सर्वांत सोयीची जागा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आहे आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. इतरांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात तुम्हाला मोफत सेवा मिळाली असली तरी तुम्ही ग्राहक ठरता. सर्वांनाच मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय या कायद्याबाहेर राहते, केस पेपरचे नाममात्र शुल्क धरले जात नाही. कामगार विमा रुग्णालये मात्र कायद्यात येतात.

जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग हे तुम्ही मागितलेल्या रकमेवर नव्हे, तर तुम्ही दिलेल्या बिलावर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य. बाळंतपणाचे बिल क्वचितच त्याहून मोठे असते, म्हणून भरपाई एक कोटी मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आणखी एक सोय आपल्याकडे फार उपयोगी पडते: तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पहिले बाळंतपण सांगलीला माहेरी झाले आणि घर पुण्यात असेल, तर पुण्याच्या आयोगात दाखल करा. तारखांना सांगलीला खेटे घालायला नकोत.

सरकारी रुग्णालयासाठी वाट दिवाणी दाव्याची. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग दावा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, गोव्यात गोवा वैद्यक परिषदेकडे, डॉक्टरविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. परिषद ताकीद देते, नोंदणी स्थगित करते, पण भरपाई देत नाही. तिचा अहवाल पुढे आयोगात वापरता येतो, उलट गेला तरीही वापरला जातो, एवढे ध्यानात ठेवून करा.

पोलिसांकडे जाण्याची घाई नको. २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी अत्यंत गंभीर हलगर्जीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचे असते. नसेच्या इजेत ही पातळी क्वचितच गाठली जाते. आणि दहावीस नातेवाईक घेऊन दवाखान्यात जाब विचारायला जाणे तर नकोच. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. काचा फुटल्या की तुम्ही तक्रारदाराचे आरोपी होता.

मुदत आणि तक्रार

ग्राहक कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षे. ती जन्मतारखेपासूनच मोजा. लपून राहिलेली इजा कळल्यापासून मुदत सुरू होते, असे २०१० चा एक निकाल सांगतो, पण लुळा हात पहिल्या दिवशी दिसतो, त्याला लपलेली इजा म्हणता येत नाही. दिवाणी दाव्यात अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलासाठी मुदत कायद्याच्या कलम ६ ची सवलत आहे, म्हणजे त्याची मुदत सज्ञान झाल्यावर मोजतात. आईवडिलांच्या स्वतःच्या खर्चाचा आणि मनस्तापाचा दावा मात्र त्या सवलतीवर तगत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीच्या अर्जात दिवसागणिक कारण लिहावे लागते.

दाखल करण्याची चांगली वेळ बाळ नऊ ते अठरा महिन्यांचे असताना. तोवर शस्त्रक्रिया झालेली किंवा नाकारलेली असते, किती हात परत येणार याचा अंदाज आलेला असतो, आणि मुदतही हातात असते.

बाळ अज्ञान म्हणून आई किंवा वडील पालक या नात्याने, आणि स्वतःसाठीही तक्रारदार होतात. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात मूल आणि आईवडील दोघांनाही ग्राहक मानून वेगवेगळी भरपाई दिली गेली. सामनेवाले म्हणून रुग्णालय आणि प्रसूती करणारे डॉक्टर दोघेही घ्या. विमा कंपनीचे नाव कळले तर तीही. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पंधरा दिवसांची नोटीस पाठवली की समोरची बाजू काय म्हणणार हे आधी कळते. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल होते: तारखवार घटनाक्रम, नेमका दोष, मागणी, कागदांची यादी आणि प्रतिज्ञापत्र. 'डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला' असे दहादा लिहिण्यापेक्षा 'डोके आणि शरीर यांच्या जन्माच्या वेळा नोंदलेल्या नाहीत' हे एकदा लिहा.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५ मिळतात. त्यापलीकडे उत्तर घेता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्के केले. कायद्यात निकालाची मुदत महिन्यांची आहे, प्रत्यक्षात वर्षे लागतात. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

रकमेत झालेला खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, प्रवास, आईने किंवा वडिलांनी सोडलेली नोकरी किंवा बुडालेली मजुरी, मुलाचे अपंगत्व आणि वेदना, मनस्ताप, दाव्याचा खर्च आणि व्याज असे वेगवेगळे लिहा. पावती नसलेला खर्च आयोग अंदाजाने आणि कमी धरतो. फिजिओथेरपिस्टकडे दर भेटीची पावती मागा, एसटीची तिकिटे एका वहीत चिकटवा, गाडी ठरवली तर चालकाकडून सही घ्या. भविष्यातल्या खर्चासाठी सर्जनचे लेखी अंदाजपत्रक जोडा. मुलाच्या वाट्याची रक्कम बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात, तेव्हा उपचारांसाठी व्याज काढण्याची मुभा तक्रारीतच मागून ठेवा.

दाव्याबाहेरचे

दाव्याचा निकाल लागो न लागो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयातून मिळते. ४० टक्के किंवा अधिक निघाले तर सवलती सुरू होतात. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट मिळते. लहान मुलांना बहुधा ठरावीक वर्षांपुरते प्रमाणपत्र देतात, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवा. 'निरामय' आरोग्य विमा मात्र सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा दिव्यांगत्वांसाठी आहे. हाताच्या नसेच्या इजेला तो लागू नाही, उगाच अर्ज करून महिने घालवू नका.

पुढचे बाळंतपण ठरले की प्रसूती-नोंदीची तीच प्रत पहिल्या भेटीत नव्या डॉक्टरांपुढे ठेवा. एकदा खांदा अडकलेल्या आईत पुन्हा अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि साखरेची तपासणी, वजनाचा अंदाज, सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती हे सगळे त्या एका पानावरून ठरवावे लागते.